भाड्याचा कोट

बल्लारपूर
११ मार्च १९८८

मुनीरभाईंना सुरय्याचा सलाम.

तुमचं रजिस्टर पत्र परवा मिळालं. पोस्टमननं सही घेताना विचारलं, "कोर्टाचं हाये का वं बाई?" मी म्हटलं, "नाही, भावाचं आहे." मग उघडून वाचलं, तेव्हा वाटलं, त्याचा अंदाज काही फार चुकला नव्हता. ख्यालीखुशाली दोन ओळींत आणि कलमं दोन पानांत. वकिलाकडे मुन्शीगिरी करून माणूस बहिणीलाही नोटीस पाठवायला लागतो, हे आता कळलं.

असो. इकडे सगळे ठीक आहेत. अब्बांचा खोकला थंडीनं वाढला होता, आता कमी आहे. तुमचे मेहुणे अयूब सलाम सांगतात. भाभींना माझा सलाम. तुमच्या रुखसानाची सोयरीक पक्की झाली हे वाचून अब्बांनी दोनदा ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली. मराठीत लिहिते म्हणून रागावू नका. उर्दू तुम्हाला मौलवीसाहेबांकडून वाचून घ्यावी लागते, आणि हे पत्र त्यांच्यासमोर वाचण्यासारखं नाही. हल्ली दुकानात दुपारी निवांतपणा असतो, तेव्हा लांबलचक लिहिणार आहे. चहा घेऊन बसा.

तुम्ही लिहिता, "देवराव नावाच्या नाटक्यानं आपल्या दुकानातून साहेबाचं कार्ड चोरलं असं ऐकतो. तू मधे पडू नकोस. कोणी विचारलंच तर कोट देण्याघेण्याचा व्यवहार अब्बा पाहत होते असं सांग. म्हाताऱ्या माणसाला कोर्ट काही करत नाही."

हे वाक्य लिहिताना तुमचा हात थांबला कसा नाही? ज्या माणसानं लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून तुम्हाला मॅट्रिक केलं, त्याला आता तुम्ही ढाल म्हणून पुढे करता. मी ही ओळ अब्बांना वाचून दाखवली नाही. गाळली. तुमच्यावर उपकार केले असं समजा.

आता लोकांकडून ऐकलेलं विसरा आणि माझ्याकडून ऐका.

गिऱ्हाइकांचे कोट भाड्यानं देण्याची पद्धत आपल्या दुकानात अब्बांनीच सुरू केली, हे तुम्हालाही माहीत आहे. बाहेरच्या माणसाला ही बेइमानी वाटेल. इथल्या कुठल्या लॉन्ड्रीत हे होत नाही ते मला दाखवा. कोळशाच्या खाणीतल्या मजुराच्या पोराचं लग्न असलं की बाप संकोचत दाराशी उभा राहायचा, आणि अब्बा साहेबलोकांच्या सुटांमधून त्याच्या मापाचा एक काढून द्यायचे. साहेब मुंबईला मीटिंगला आणि त्यांचा कोट राजुऱ्याला बोहल्यावर. या मुलखातली किती लग्नं साहेबलोकांच्या कोटांनी लावली, हे त्या साहेबांना कधी कळलं नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही. तुमच्या स्वतःच्या निकाहातला सूट कुणाचा होता, ते भाभींना सांगितलंत का कधी? नसेल तर राहू द्या. मी सांगणार नाही.

मग वडशाच्या नाटकवाल्यांना हे समजलं. हिवाळ्यात बैलांचे शंकरपट आणि मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की गावोगाव त्यांचे प्रयोग. राजाचा मुकुट, राणीचा शालू त्यांच्या पेटीत असतो. पण आताच्या सामाजिक नाटकात शेठ लागतो, डॉक्टर लागतो, कलेक्टर लागतो. त्यांना लागणारा सूट शिवायची ऐपत कुठल्या कंपनीत आहे? इसरूभाऊ मडावी त्या कंपनीचे मालक. मुक्काम जवळपास असला की त्यांचा माणूस सायकलवर यायचा, कोट न्यायचा, प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी आणून द्यायचा. आम्ही परत धुऊन, इस्त्री करून बंगल्यावर पोहोचवायचो. भाडं म्हणजे चहापाण्यापुरतं. नियम एकच, आणि तो अब्बांचा: कोट कुठून आला हे कोणी कोणाला सांगायचं नाही. दुकानानं नाही, कंपनीनंही नाही. या नियमावर सगळं चालत होतं.

डिसेंबरात सबरवाल साहेबांचा करडा सूट धुवायला आला. कोळशाच्या ठेकेदार कंपनीचे ते मॅनेजर, दिल्लीकडचे, बंगल्याला दोन कुत्री. त्यांचा कोट त्या संध्याकाळी नाटकाला गेला. कपडा आला की खिसे झाडायचे, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मी बाहेरचे खिसे झाडले, छातीवरचा झाडला, अस्तरातला आतला खिसा राहिला. सायकलवाला घाई करत होता, अयूब घरी जेवायला गेले होते. हे कारण आहे, बहाणा नाही. खिसा माझ्या हातून राहिला.

त्या खिशात साहेबांचं कार्ड होतं. बँकेचं, उधारीचं. तुम्ही नागपुरात पाहिलं असेल. आम्ही इथे कोणी पाहिलेलं नव्हतं. प्लास्टिकचं, निळं, त्यावर उठावाची इंग्रजी अक्षरं. ते दाखवलं की मोठ्या हॉटेलात पैसे न देता जेवता येतं म्हणे. बल्लारपुरात ते कुठे चालवणार? पानठेल्यावर दिलं असतं तर पानवाल्यानं ते घेऊन पानाला चुना लावला असता.

देवराव उंदिरवाडे त्या नाटकात शेठचं काम करत होता. उन्हाळ्यापावसाळ्यात वडशाच्या राइस मिलमध्ये पोती उचलतो, हिवाळ्यात शेठ होतो. चालू प्रवेशात त्यानं ऐटीत कोटाच्या आत हात घातला, तर हाताला हे लागलं. दुसरा कोणी गडबडला असता. त्यानं ते दोन बोटांत धरून वर केलं आणि म्हणाला, "रोकडा कायले पायजे? हे पाहून घे! याच्यावर अख्खं चांदा इकत घेतो मी!" पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. वन्स मोअर झाला. दुसऱ्या दिवशी इसरूभाऊंनी सांगितलं, हे वाक्य आता रोज घ्यायचं.

आणि कार्ड? ते कंपनीच्या पेटीत गेलं. नाटकवाल्यांची रीत अशी की रंगमंचावर जी वस्तू एकदा चालली, ती त्या पात्राची झाली. शेठची काठी, शेठचा चष्मा, तसं शेठचं कार्ड. एखाद्या विमा एजंटानं फुकट वाटलेलं असेल, असं त्यांना वाटलं. कोट दुसऱ्या दिवशी आमच्याकडे परत आला, कार्ड शेठकडे राहिलं. चोरी म्हणतात ती एवढीच आहे, मुनीरभाई.

इकडे साहेबांना कार्ड सापडेना. आपण ते कोटात विसरलो हे त्यांनी कबूल केलं नाही. प्रवासात ब्रीफकेसचं कुलूप तोडून कोणी नेलं, असं त्यांनी बँकेला कळवलं आणि ठाण्यातही लिहून दिलं. आणि जानेवारीत एका गावाच्या मंडईत नाटकाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे कोण? आमचे सबरवाल साहेब. त्यांच्या कंपनीनं मंडपाला वर्गणी दिली होती. पहिल्या ओळीत सोफ्यावर बसले, हार घातला, आणि समोर शेठनं खिशातून त्यांचंच कार्ड काढून चांदा विकत घ्यायला सुरुवात केली.

मला हे आठवलं की अजूनही हसू येतं. मग देवरावचं पुढे काय झालं ते आठवतं आणि हसू जातं.

त्याला तिथूनच नेलं, तोंडावरचा रंगसुद्धा पुसू दिला नाही. फौजदारांना आधी कलमच सापडेना. अशा कार्डासाठी वेगळा कायदा कुठे आहे? शेवटी सायकल चोरली, बकरी चोरली की जे लावतात तेच लावलं, तीनशे एकोणऐंशी. तीन वर्षांपर्यंत सजा. वरून लिहिलं, की या कार्डावर हजारोंचा माल उचलता येतो, आरोपी फिरत्या कंपनीतला आहे, पळून जाईल, जामीन देऊ नये. साहेबांना बँकेनं टपालानं नवीन कार्ड पाठवलं. देवराव चांद्याला जेलात जाऊन बसला.

ठाण्यात त्याला विचारलं, कार्ड कुठून आणलं? तो म्हणाला, सापडलं. कुठे? सापडलं. मार खाल्ला, पण कोट कुठला होता ते सांगितलं नाही.

हे मला कळलं ते त्याच्या बायकोकडून. मनकर्णा दुकानात आली. मी घाबरले, वाटलं आता चार लोकांसमोर तमाशा करील. ती बाकावर बसली, पाणी मागितलं, पदरानं तोंड पुसलं.

"बाई, मी भांडाले नाई आली," ती म्हणाली. "कोट तुमच्या इथून गेल्ता हे त्याले मालूम हाये, मले बी मालूम हाये. तुमाले त हायेच."

"मग त्यानं सांगितलं का नाही?"

"मी बी तेच इचारलं, काऊन नाई सांगत म्हणून. त म्हणे, एका दुकानाचं नाव फुटलं की सारे लॉन्ड्रीवाले दार लावतीन. मंग शेठचं काम का धोतरावर कराचं?" ती हसली थोडी. मग म्हणाली, "त्याले आश्रमशाळेत शिपायाची ऑर्डर आली हाये. जूनपासून. वकील म्हणते, कबूल करून टाक, जेलात बसला तेवढी सजा धरून सोडतीन. पण चोर म्हणून सुटला त ऑर्डर गेली न बाई. सरकार चोराले कायले ठेवते?"

मी म्हटलं, "मी काय करू?"

"मी काऊन सांगू? तुमचं तोंड तुमचं हाये." ती उठली. "पुढच्या तारखेले तो कबूल करून राह्यला. मले एवढंच सांगाचं होतं."

ती एकदाही रडली नाही. रडली असती तर मी तिच्या हातावर काहीतरी ठेवून तिला वाटेला लावलं असतं. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मग मी सबरवाल साहेबांच्या बंगल्यावर गेले. अयूब म्हणाले येतो, मी म्हटलं नको, तुम्ही चिडाल. साहेबांना सरळ सांगितलं: तुमचं कार्ड कोटाच्या आतल्या खिशात राहिलं होतं, कोट मी भाड्यानं दिला होता, त्या माणसाला सोडवा. मला वाटलं, मोठा माणूस आहे, चूक कळली की मागे घेईल.

साहेब कार्डाबद्दल अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "मेरा सूट? मेरा सूट नाचनेवालों ने पहना?" लालबुंद झाले. मेमसाहेबांनी आतून विचारलं काय झालं, तर यांनी आवाज खाली केला. मग मला व्हरांड्याच्या टोकाला नेऊन म्हणाले, "मैं लिखके दे चुका हूँ, ब्रीफकेस से गया. वही सच है. तुम घर जाओ और दुकान चलाओ."

म्हणजे त्यांना कळलं, पटलं, आणि तरीही एका माणसाला तीन वर्षं जेलात पाठवायला ते तयार होते. का? तर त्यांच्या कोटात राइस मिलच्या हमालाचं अंग गेलं हे कुणाला कळू नये म्हणून. मुनीरभाई, तोपर्यंत मी भीत होते. खरं सांगते, रात्री झोप लागत नव्हती. त्या व्हरांड्यात माझी भीती गेली आणि तिच्या जागी असा राग आला की सायकल-रिक्षा न करता मी घरापर्यंत पायी आले.

अब्बा दारात खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते विचारतील, दुकानाचं काय होईल. त्यांनी विचारलं, "कोट अपने दुकान का था ना?" मी म्हटलं, हो. "तो फिर वो लडका अपने वास्ते मार खा रहा है." एवढं बोलून ते नमाजाआधीच्या वजूला, हातपाय धुवायला उठले. अयूब आत पँटला इस्त्री करत होते. ते इस्त्री एकाच जागी धरून उभे राहिले. ती पँट जळली. आम्हीच भरून दिली.

तुम्ही लिहिता, "दुकानानं कबूल केलं तर चारशे सहा लागेल, विश्वासानं ठेवायला दिलेल्या मालाचा गैरवापर, तीन वर्षांपर्यंत." मला हे आधीच कळलेलं होतं. चोरीला तीन, विश्वासघाताला तीन. कायद्याच्या पुस्तकात देवराव आणि मी एका मापाचे आहोत, हे वाचून मला उलट बरं वाटलं.

आता खरी गोष्ट लिहिते. इतका वेळ टाळत होते, कारण वाचून तुम्ही खाली बसाल हे माहीत आहे. तुमचं पत्र परवा आलं. मी त्याआधीच्या आठवड्यात चांद्याच्या कोर्टात जाऊन आले.

देवरावच्या वकिलानं माझं प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी मला पुढे बोलावून विचारलं, "बाई, हे तुमच्यावरच शेकू शकतं, माहीत आहे ना?" मी म्हटलं, "माझा भाऊ नागपूरला वकिलाकडे मुन्शी आहे, मला सगळं माहीत आहे." घाबरू नका, तुमचं नाव नाही घेतलं. मी सांगितलं: कोट मी दिला. आतला खिसा मी झाडला नाही. व्यवहार माझा, माझ्या बापाचा नाही, माझ्या नवऱ्याचा नाही. हा माणूस चोर नाही, हा फक्त दुकानाचं नाव झाकत होता. पिंजऱ्यात देवराव उभा होता. रंगाशिवाय मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. तो माझ्याकडे असा रागानं बघत होता की जणू मीच नियम मोडला. मोडलाच होता.

त्यानं कबुली दिली नाही. त्या दिवशी त्याला जामीन मिळाला.

आणि दुसऱ्या दिवशी पोलीस दुकानात आले. मला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं, मग कोर्टापुढे नेऊन संध्याकाळी जामिनावर सोडलं. जामीन इसरूभाऊ राहिले. तुमची बहीण आता चारशे सहाची आरोपी आहे, मुनीरभाई. रुखसानाच्या सासरी लोकांकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा. सांगताना मान खाली घालू नका. चोरी केली म्हणून नाही, एका माणसाला चोर होऊ दिलं नाही म्हणून केस झाली, असं सांगा. एवढ्यानं जर सोयरीक मोडत असेल तर पोरगी वाचली म्हणा. हे मी रुखसानाची फुफी म्हणून लिहिते, तिच्यावर माझा जीव आहे.

दुकान निवांत का आहे तेही आता समजलं असेल. बंगल्यांवरचे नोकर रांगेनं आले आणि कपडे घेऊन गेले, काही ओलेच. एका मेमसाहेबांनी तर साड्या हुंगून पाहिल्या. मला वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? अब्बांनी उभं केलेलं दुकान आहे. परवा मी रिकाम्या हँगरांकडे बघून रडले. एकदाच रडले, आणि अयूबला दिसू दिलं नाही.

काल एक सास्तीकडचा माणूस आला. अक्षय्यतृतीयेला पोराचं लग्न आहे, कोट मिळेल का म्हणून. मी म्हटलं, "बाबा, साहेबांचे कोट आता या दुकानात नाहीत." तो जायला वळला. अयूब आत गेले, स्वतःचा निकाहाचा कोट घेऊन आले आणि त्याच्यापुढे ठेवला. खांद्यात थोडा सैल होईल, पण चालेल.

साहेबांचे वकील निरोप पाठवतात की अजून वेळ गेलेली नाही. माफीचा अर्ज दे, कोट भाड्यानं दिला नव्हता, देवरावनंच काउंटरवरून हात मारला असं लिही, तुला साक्षीदार करून सोडतो. तुमच्या पत्रातला सल्ला आणि त्यांचा निरोप शेजारी ठेवले तर कोणतं भावाचं आणि कोणतं साहेबाचं, हे मला ओळखू येत नाही. याचंच सगळ्यात जास्त दुखलं.

बावीसला माझी तारीख आहे. कधीतरी मलाही विचारतील, गुन्हा कबूल आहे का? मी ठरवून ठेवलंय. कोट दिला हे कबूल. खिसा झाडला नाही हे कबूल. गुन्हा नाकबूल. मग तीन वर्षं देतात की दंड करतात की सोडतात, ते त्यांचं त्यांनी बघावं.

तुम्ही वकील आणू नका, कलमं आणू नका. यायचं असेल तर रिकाम्या हातानं या आणि कोर्टात अब्बांच्या शेजारी बसा. मागच्या बाकावर, तोंड झाकून बसणार असाल तर मात्र नागपूरहून निघूच नका.

तुमची धाकटी बहीण,
सुरय्या
अकबरी लॉन्ड्री, बल्लारपूर
(दुकान चालू आहे.)